जुन्या तबकडीची साक्ष

जुने गाणे ऐकताना आपण नकळत एक निवाडा देऊन मोकळे होतो. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची तबकडी लावली की कोणी म्हणतो, आवाज फारच बारीक. कोणी म्हणतो, त्या काळी गात तरी किती घाईने! खाँसाहेब 1937 साली निवर्तले. त्यांना समोर बसून ऐकलेले श्रोते आता जवळजवळ उरले नाहीत. साक्षीला उरली आहे ती तबकडीच. तेव्हा तिची साक्ष नोंदवून घेण्यापूर्वी तिची भाषा आपल्याला कळते की नाही, हे पाहणे अगत्याचे आहे.

हिंदुस्थानात तबकडीवर गाणे उतरविण्यास नोव्हेंबर 1902 मध्ये कलकत्त्यास आरंभ झाला. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गाइसबर्ग यांनी तेथे गौहरजानचे गाणे मुद्रित केले, आणि तबकड्या छापून आल्या त्या जर्मनीतील हॅनोव्हरहून. त्या वेळी विजेचा संबंध नव्हता. गायकाने कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गावे, त्या हवेच्या धक्क्याने पडदा हलावा आणि सुईने मेणावर रेघ ओढावी, इतकाच तो व्यवहार. खर्ज आणि अतितार कंपने त्या कर्ण्यात बहुतांशी हरवून जात.

1925 साली अमेरिकेत मायक्रोफोन आणि विद्युत्‌मुद्रण आले, आणि पुढील काही वर्षांत ते आपल्याकडेही पोहोचले. येथे एक नवी अडचण उभी राहिली. खर्जाचा स्वर सुईला फार रुंद झोके घ्यावयास लावतो. तो आहे तसा कोरला तर एक रेघ शेजारच्या रेघेत घुसेल. म्हणून कोरताना खर्ज मुद्दाम दाबावा लागला. पुढे खरखर झाकण्यासाठी तार भाग मुद्दाम वाढवून कोरण्याची रीत पडली. म्हणजे तबकडीवर असते ते गाणे नव्हे, गाण्याचे ठरावीक रीतीने वाकविलेले रूप. ते पुन्हा सरळ करणे हे फोनो प्रीअँप्लिफायरचे काम. सुईकडून येणारा व्होल्टच्या काही सहस्रांशांइतका क्षीण प्रवाह तो वाढवितो; दाबलेला खर्ज उचलतो आणि चढविलेला तार भाग उतरवितो.

पण किती दाबले आणि किती चढविले, याविषयी कंपन्यांचे एकमत नव्हते. कोणी सेकंदाला 250 कंपनांच्या खाली खर्ज दाबी, कोणी 500 च्या. अखेर 1954 साली अमेरिकेतील ध्वनिमुद्रण-उद्योगाच्या संघटनेने रिआ या नावाने ओळखले जाणारे एक प्रमाण ठरविले, आणि हळूहळू ते सर्वत्र रूढ झाले. आजची बहुतेक यंत्रे तेवढे एकच प्रमाण जाणतात. त्यानुसार 10,000 कंपनांपाशी आवाज सुमारे 14 डेसिबलने उतरविला जातो. ज्या जुन्या तबकडीत तो चढविलेलाच नव्हता, तिच्यातील तंबोऱ्याची जवार आणि गायकाची व्यंजने त्यामुळे विझून जातात. शिवाय खर्ज गरजेहून अधिक फुगतो. म्हणून जाणकार संग्राहक खर्जाचे आणि तार भागाचे प्रमाण वेगवेगळे निवडता येईल असा प्रीअँप्लिफायर घेतात. सुईही जाड, इंचाच्या सुमारे तीन सहस्रांश त्रिज्येची लावतात. लाँग-प्लेची बारीक सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी नुसती घासत राहते.

याहून मोठा प्रश्न वेगाचा. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची म्हणून ओळखली जाणारी प्रत्येक तबकडी त्याच वेगाने कोरलेली नसे. आरंभीच्या काळात हा वेग सत्तरीपासून ऐंशीच्याही पुढे बदलत असे. 74 फेऱ्यांनी कोरलेली तबकडी 78 ने वाजविली की सूर जवळजवळ एक पट्टी चढतो. पांढरी पाचात गायिलेले गाणे काळी चारात ऐकू येते, लय घाईची होते, आवाज बारीक होतो. आणि आपण तो दोष गायकाच्या पदरी बांधतो!

खरा वेग कोठे लिहिलेला नसतो. तो शोधावा लागतो. साथीच्या पेटीचा सूर एखाद्या पट्टीशी जुळतो का, एकाच दिवशी मुद्रित झालेल्या बाजू एकमेकींशी मिळतात का, शब्दोच्चार स्वाभाविक वाटतात का, हे ताडून पाहावे लागते. यांपैकी एकच पुरावा निर्णायक नसतो. तिन्ही मिळून मात्र बरेच काही सांगतात.

मोडी कागद वाचणारा अभ्यासक अक्षराचे वळण कोणत्या काळातले, हे पाहिल्यावाचून अर्थ लावीत नाही. आणि आपली दुरुस्ती मूळ कागदावर तर कधीच करीत नाही. तबकडीच्या बाबतीतही तोच विवेक हवा. आज तबकड्यांवरील गाणी संगणकात उतरविली जात आहेत. तेव्हा कोणताही संस्कार न केलेली एक प्रत प्रथम राखून ठेवावी, आपली दुरुस्ती दुसरीवर करावी, आणि कोणता वेग व कोणते प्रमाण धरले ते तिच्यासोबत लिहून ठेवावे. आपली चूक उद्याच्या जाणत्या कानाला सुधारता आली पाहिजे. लाखेची तबकडी एकदा फुटली की ती साक्ष पुन्हा घेता येत नाही.