एक जोडी हात, हजारो भिंती : राजा रविवर्मा यांच्या छापखान्याची कथा

#थ्रेड 🧵

१/
जुन्या मराठी घरांत देवघराशेजारच्या भिंतीवर अनेकदा एक चित्र आढळते : कमळावर उभी चतुर्भुज लक्ष्मी, किंवा वीणा घेतलेली सरस्वती. चौकट काळवंडलेली, कागद पिवळा पडलेला. घरातली माणसे त्याला ‘रविवर्म्याचे चित्र’ म्हणतात. वस्तुतः त्या कागदाला रविवर्मा यांच्या कुंचल्याचा स्पर्शही झालेला नसतो.

२/
उत्तम काम थोड्यांनाच दाखवावे, की थोडे उणे झाले तरी ते सर्वांपर्यंत न्यावे? हा पेच आज चित्रे प्रसृत करणाऱ्या प्रत्येक तरुण चित्रकारापुढे असतो. १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढताना रविवर्मा यांच्यापुढेही तोच होता. त्यांनी दिलेले उत्तर आणि त्याची मोजलेली किंमत, दोन्ही पाहण्यासारखी आहेत.

३/
रविवर्मा यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. युरोपीय पद्धतीचे तैलरंग आणि भारतीय पुराणकथा यांचा मेळ त्यांनी घातला. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात त्यांच्या चित्राला पारितोषिक मिळाले. त्यानंतर संस्थानिकांकडून मागण्यांचा ओघ सुरू झाला आणि तो अखेरपर्यंत थांबला नाही.

४/
तैलचित्र हे सावकाशीचे काम. एक थर सुकल्याशिवाय दुसरा देता येत नाही. कातडीची झळाळी, रेशमाचे वळण, मोत्यावरचा प्रकाश हे सारे पातळ थरांवर थर चढवून साधावे लागते. त्यामुळे संख्येला मर्यादा होती. शिवाय पूर्ण झालेले चित्र एकाच राजवाड्याच्या एकाच दालनात जात असे. ते पाहण्याचा अधिकारही मोजक्यांनाच असे.

५/
ही अडचण प्रथम नेमकी ओळखली ती सर टी. माधवराव यांनी. तंजावरच्या मराठी परंपरेतला हा मुत्सद्दी त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या संस्थानांचा दिवाण होता. १८८४ मध्ये त्यांनी रविवर्मा यांना पत्र लिहिले. त्याचा आशय असा : चित्रे हवी असणारे पुष्कळ आहेत, आणि चित्रकाराला हातांची जोडी एकच आहे.

६/
यावर माधवरावांनी उपायही सुचवला होता. निवडक चित्रे युरोपात पाठवावीत आणि तेथून त्यांचे ओलिओग्राफ छापून आणावेत. त्याने कीर्ती वाढेल आणि देशाचीही सेवा घडेल. येथे ‘निवडक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सगळेच छापावे, असे माधवरावांनी म्हटले नव्हते.

७/
लोकांची भूक किती मोठी आहे, हे थोड्याच वर्षांत दिसले. महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे यांनी बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्यासाठी रविवर्मा यांच्याकडून १४ पौराणिक चित्रे करवून घेतली. ती राजवाड्यात कायमची जाण्यापूर्वी जनतेला पाहण्यासाठी मांडण्यात आली, आणि ती पाहायला सामान्य लोकांची गर्दी लोटली.

८/
छापील चित्र तोवर नवलाचे राहिले नव्हते. १८७८ मध्ये पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा सुरू केली होती. त्याच वर्षी कोलकात्यात कलकत्ता आर्ट स्टुडिओ उभा राहिला. दोन्हीकडची देवादिकांची रंगीत चित्रे घरोघर जात होती. बाजार तयार होता. रविवर्मा यांना त्यात आपल्या तैलचित्रांचा दर्जा आणायचा होता.

९/
म्हणून त्यांनी युरोपात काम पाठवण्याऐवजी छापखानाच येथे आणला. १८९४ मध्ये मुंबईत, गोवर्धनदास खटाव मकनजी या व्यापाऱ्याच्या भागीदारीत, तो सुरू झाला. यंत्रे जर्मनीहून आली, तंत्रज्ञही जर्मन होते. कारभार धाकटे बंधू सी. राजराज वर्मा पाहत. ते स्वतः चांगले निसर्गचित्रकार होते. ‘शकुंतलाजन्म’ हे येथून निघालेले पहिले चित्र.

१०/
छपाईची पद्धत समजून घेतली, की दर्जाचा प्रश्न कुठे अडत होता ते कळते. शिळाछापाचे मूळ तत्त्व साधे आहे : तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर तेलकट शाईने उलटे चित्र काढायचे, शिळा ओली करायची आणि वर शाईचा रूळ फिरवायचा. शाई फक्त चित्राच्या रेषांना धरते.

११/
रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाची शिळा वेगळी. एका चित्राला दहा-बारा, कधी त्याहूनही अधिक शिळा लागत. तोच कागद क्रमाने प्रत्येक शिळेवर दाबायचा आणि दर वेळी तो तंतोतंत त्याच जागी बसला पाहिजे. केसभर सरकला, तर ओठांचा रंग ओठांबाहेर जातो आणि देवीच्या डोळ्याला दुहेरी कड येते.

१२/
शेवटी वार्निशाचा हात द्यायचा आणि कधी कागदावर कापडाच्या विणीसारखा ठसा उमटवायचा, म्हणजे ते लांबून तैलचित्र वाटे. हाच ओलिओग्राफ. यात मूळ चित्र आणि छापील प्रत यांच्यामध्ये एक माणूस उभा असतो : शिळेवर चित्र उतरवणारा कारागीर. तैलरंगाची सलग छाया त्याला बारीक ठिपक्यांत मोडावी लागते. चेहऱ्यावरचा भाव टिकणे किंवा जाणे त्याच्या हाती असते.

१३/
म्हणजे दर्जा राखायचा तर शिळा अधिक हव्यात, कारागीर कसलेले हवेत, आणि बिघडलेल्या प्रती बाजूला काढण्याची तयारी हवी. या तिन्हींना पैसा लागतो. उलट, प्रत सामान्य घराला परवडायची तर किंमत कमी हवी. कमी किमतीत नफा हवा तर प्रती भराभर निघायला हव्यात. छापखान्याचा सगळा हिशेब या ओढाताणीत अडकला होता.

१४/
त्यात काळही प्रतिकूल निघाला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेगचा उद्रेक झाला आणि लोक हजारोंनी शहर सोडून जाऊ लागले. १८९९ मध्ये छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. मुंबई-पुणे लोहमार्गावरचे हे गाव, कार्ल्याच्या लेण्यांच्या पायथ्याशी. म्हणूनच पुढच्या अनेक चित्रांच्या तळाशी ‘कार्ला-लोणावळा’ असा पत्ता आढळतो.

१५/
तोवर कर्ज वाढले होते. देशातला हा मोठा आणि नामांकित छापखाना व्यापार म्हणून तोट्यात होता. दोघे बंधू मुळात चित्रकार. संस्थानोसंस्थानी फिरून मागणीची चित्रे काढणे हाच त्यांचा उद्योग. चित्रे काढावीत तर छापखान्याकडे दुर्लक्ष होणार, आणि छापखाना सांभाळावा तर छापण्याजोगे नवे चित्र कोठून येणार?

१६/
विसाव्या शतकाच्या आरंभीच त्यांनी छापखाना विकला. घेणारे फ्रित्झ श्लायशर हे तेथलेच जर्मन तंत्रज्ञ. यंत्रांबरोबर अनेक चित्रांच्या प्रती काढण्याचा हक्कही त्यांच्याकडे गेला. छापखान्याचे नाव मात्र बदलले नाही. कोणती प्रत बाजारात जाईल आणि कोणती फाडली जाईल, हे ठरवणारा माणूस आता चित्रकार उरला नव्हता.

१७/
श्लायशर यांनी व्यवसाय सावरला. त्यांनी इतर चित्रकारांकडून नवी चित्रे करवून घेतली आणि व्यापारी मालाची लेबले व जाहिरातीही छापायला घेतल्या. या चित्रकारांत कोल्हापुरात जन्मलेले म. वि. धुरंधर यांच्यासारखा समर्थ कलावंत होता, तसे बेताचे हातही होते. ग्राहकाच्या लेखी ती सारी एकाच नावाची चित्रे. रविवर्मा यांच्या हयातीतच त्यांचे नाव आणि त्यांचा हात यांची अशी फारकत झाली.

१८/
राजराज वर्मा १९०५ मध्ये निवर्तले. २ ऑक्टोबर १९०६ रोजी रविवर्माही गेले. त्याच सुमारास कलाविचाराचे वारे फिरले होते. ई. बी. हॅवेल, आनंद कुमारस्वामी, भगिनी निवेदिता यांनी या चित्रांवर कठोर टीका केली : शैली उसनी, आविर्भाव नाटकी, देवदेवतांत दिव्यत्व नाही.

१९/
या टीकेत तथ्य किती, हा स्वतंत्र वादाचा विषय. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. मूळ चित्रे राजवाड्यांत बंद होती, आणि देशभर लोकांच्या नजरेसमोर होत्या त्या प्रती. रंग सरकलेल्या, चौथ्या-पाचव्या नकलेच्या प्रतीवरूनही चित्रकाराची पारख होऊ लागली. दर्जाची चौकी सुटली की कीर्तीवर असा परिणाम होतो.

२०/
तरीही पारड्याची दुसरी बाजू हलकी नाही. ज्यांना राजवाड्याचे दार कधी उघडले नसते, आणि ज्यांना जातीमुळे देवळाचा उंबरा ओलांडू दिला जात नव्हता, त्यांच्याही भिंतीवर ही लक्ष्मी येऊ शकत होती. तिच्यापुढे दिवा लावायला कोणाची परवानगी लागत नव्हती. रंगछटेतील उणीव त्या घरात कोणी मोजली नसेल.

२१/
या प्रतींचे पुढे काय झाले, तेही रंजक आहे. घराघरांतून बायकांनी छापील देवतांना खऱ्या कापडाची वस्त्रे चिकटवली, जरीचे काठ लावले, टिकल्या आणि मणी जडवले. एकाच शिळेवरून निघालेल्या दोन सरस्वती अशा रीतीने दोन घरांत निरनिराळ्या झाल्या. छापखान्यात हरवलेले हाताचे काम घरी पुन्हा चित्रावर आले.

२२/
छापखान्याने एका वेगळ्या वाटेलाही हातभार लावला. तेथे काम केलेल्या एका तरुणाने पुढे स्वतःचा छापखाना काढला, मग तोही सोडला. १९१३ मध्ये त्याने ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट पडद्यावर आणला. ते दादासाहेब फाळके. पुराणकथा चित्ररूपाने असंख्य लोकांपुढे नेता येते, हे त्यांनी या व्यवसायात जवळून पाहिले होते.

२३/
मग रविवर्मा चुकले का? प्रती काढल्या ही चूक म्हणता येत नाही. त्या नसत्या तर त्यांचे नाव काही राजघराण्यांच्या दफ्तरांत राहिले असते. अडचण संख्येने आली नाही. संख्येवर ज्याची नजर राहायला हवी होती, तो कर्जापायी दूर झाला, तेव्हा ती आली. माधवरावांच्या पत्रातली निवड व्यवहारात टिकवायला लागणारे भांडवल आणि वेळ, दोन्ही या बंधूंपाशी नव्हते.

२४/
मळवलीचा छापखाना पुढे कित्येक दशके चालला. १९७२ मध्ये लागलेल्या आगीत तो भस्मसात झाला. १९७९ मध्ये भारत सरकारने रविवर्मा यांची चित्रे राष्ट्रीय कलानिधी ठरवली, त्यामुळे मूळ चित्र देशाबाहेर विकायला नेता येत नाही. बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्यात, म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आणि तिरुवनंतपुरममध्ये ती पाहता येतात.

२५/
ही मूळ चित्रे पाहिल्यावर घरातील जुन्या प्रतीकडे भिंगातून पाहावे. गालावरची सलग छाया तेथे तांबड्या-पिवळ्या ठिपक्यांची झालेली दिसते, आणि एखाद्या कडेला सरकलेला रंगही सापडतो. तळाशी छापखान्याचे नाव असते. शिळेवर ते ठिपके उमटवणाऱ्या कारागिराचे नाव मात्र बहुतेक प्रतींवर नसते.

#इतिहास #राजा_रविवर्मा #शिळाछाप