शिमिंगची कुळकथा

एमआरआय यंत्रातले चुंबकीय क्षेत्र एकसमान करण्याला शिमिंग म्हणतात. ही विद्या रुग्णालयात नव्हे, रसायनांच्या नळीभोवती जन्मली. 1951 मध्ये स्टॅनफर्डला आर्नल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी इथाइल अल्कोहोलमधील हायड्रोजनचा संकेत तीन शिखरांत फुटलेला दाखवला. क्षेत्र जरा असमान असते तर तिन्ही शिखरे एकमेकांत मिसळली असती. एस. एस. धर्मट्टी यांनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या शाखेचा पाया घातला. एमआरआयच्या इतिहासात त्यांचे नाव क्वचितच येते, ते यायला हवे.

1954 मध्ये फेलिक्स ब्लॉख यांनी नमुना गरगर फिरवून असमानता सरासरीत काढण्याची युक्ती सुचवली. 1958 मध्ये मार्सेल गोले यांनी वेगवेगळ्या आकाराच्या तारवेटोळ्यांतून प्रवाह सोडून असमानतेचा एकेक प्रकार वेगळा खोडून काढला. माणूस काही फिरवता येत नाही, म्हणून एमआरआयने ही वेटोळी घेतली. यंत्र बसवताना त्याच्या पोकळीभोवती लोखंडाच्या पट्ट्याही लावतात.

तरीही रुग्ण आत जाताच क्षेत्र बिघडते. शरीराची चुंबकग्राहिता अगदीच क्षीण, पण नाकामागच्या पोकळ्यांतली हवा आणि लगतची ऊती यांच्यातला इवलासा फरकही चित्र वाकवायला पुरतो. 1.5 टेस्लाला दशलक्षांश भागाची चूक म्हणजे 64 हर्ट्झ. मॅन्सफिल्ड यांच्या 1977 च्या अतिवेगवान एको-प्लॅनर पद्धतीत एका पिक्सेलच्या वाट्याला 20 हर्ट्झ आले, तर कपाळामागचा मेंदू तीन पिक्सेल सरकलेला दिसतो.

1995 मध्ये जेझर्ड आणि बालाबन यांनी क्षेत्राचा नकाशा मोजून प्रत्येक पिक्सेल मूळ जागी नेला. नकाशासाठी दोन प्रतिध्वनी वेगवेगळ्या वेळी टिपतात. मधल्या 2.5 मिलिसेकंदांत कला एक रेडियनने ढळली, तर तिथली चूक त्याच 64 हर्ट्झची. 2003 मध्ये अँडरसन आणि सहकाऱ्यांनी उलटसुलट दिशांनी घेतलेली दोन चित्रे जुळवली. एकात जे ताणले जाते ते दुसऱ्यात आकसते, म्हणून दोहोंच्या मधला खरा आकार गणिताने काढता येतो.

सरकलेला संकेत असा परत आणता येतो, विझलेला नाही. एकाच पिक्सेलमधले अणू वेगवेगळ्या गतीने फिरून एकमेकांना खोडतात, तेव्हा गणिताच्या हाती काहीच उरत नाही. तिथे एर्विन हान यांचा 1950 चा स्पिन एको वापरावा लागतो, नाहीतर काप पातळ घ्यावे लागतात.