राजा नाटक लिहितो तेव्हा: तंजावरची दोन नाटकं

मराठी नाटकाचा इतिहास आपण बहुतेक १८४३ पासून शिकतो: सांगली, विष्णुदास भावे, ‘सीता स्वयंवर’. पण त्याच्या जवळपास दीडशे वर्षं आधी, तमिळ मुलखात, तंजावरच्या भोसले दरबारात मराठीत संगीत नाटकं लिहिली जात होती. त्यांतली काही तर खुद्द राजांच्या नावावर आहेत. मग प्रश्न पडतो, राजाच लेखक असेल तर नाटकात सत्ता नेमकी कुठे शोधायची?

पहिलं उत्तर सुचतं ते ‘स्तुतीत’. त्याच काळात फ्रान्समध्ये ल्युलीच्या ऑपेरांची नांदी चौदाव्या लुईचा गौरव करायची. तंजावरला मात्र एवढ्यावर भागत नाही.

‘पंचभाषाविलास’ हे नाटक शहाजीराजांचं (राज्यकाळ १६८४ ते १७१२). हे व्यंकोजींचे पुत्र, म्हणजे शिवाजी महाराजांचे पुतणे. प्रजा तमिळ, आधीच्या नायक दरबाराची साहित्यभाषा तेलुगू आणि राजघराणं मराठी. नाटकात निरनिराळ्या देशांच्या राजकन्या कृष्णाला वरू पाहतात आणि प्रत्येक जण आपापल्या भाषेत बोलते. तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी, संस्कृत, सगळ्या एकाच मंचावर. मराठी राज्यकर्त्यांची भाषा खरी, पण इथे ती बाकीच्यांच्या रांगेत उभी आहे. म्हणजे सत्ता स्तुतीच्या ओळीत नाही, कथानकाच्या रचनेत आहे: अनेक भाषा सामावून घेतो तो राजा.

आता शंभर वर्षं पुढे येऊ. सरफोजी दुसरे १७९८ मध्ये गादीवर आले आणि १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजाकडे उरला तंजावरचा किल्ला आणि तनखा. या सरफोजींनी मराठीत ‘देवेंद्र कुरवंजी’ लिहिलं.

ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी वहीत लिहिलं होतं, ‘गाण्यांतून भूगोल’. विज्ञान शाखेतून आल्यामुळे मी मजकूर पाहिला, प्रकार पाहिलाच नाही. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्यात नायिका मिरवणुकीतल्या देवाला किंवा राजाला पाहून प्रेमात पडते. मग भविष्य सांगणारी डोंगराळ भागातली कुरवंजी येते, आधी आपल्या डोंगरांचं वर्णन करते आणि नंतर हात पाहते. सरफोजींनी डोंगरांच्या त्या जागी जगाचा भूगोल घातला. ज्या राजाकडे राज्य उरलं नाही, त्याच्या नाटकात अख्खी पृथ्वी येते! राज्य करता येत नसलं तरी जग जाणणारा राजा म्हणून उभं राहता येतं, असं माझं वाचन आहे.

याला अडचणही आहे. सरफोजींवरच रचलेल्या ‘सरभेंद्र भूपाल कुरवंजी’ या तमिळ नाटकात नायिका त्यांच्याच प्रेमात पडते आणि ते बृहदीश्वर मंदिरात सादर व्हायचं. म्हणजे जुनी स्तुती संपली नव्हती, दोन्ही प्रतिमा शेजारी शेजारी नांदत होत्या. माझ्या मांडणीला ही दुसरी बाजू पचवावीच लागेल.

तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर एवढं करून बघा. ‘नाटकात काय सांगितलंय’ याआधी ‘या प्रकारात या जागी एरवी काय असतं’ हे विचारा. त्यात झालेला बदल हाच तुमचा पुरावा.