सर्पविष : शरीरक्रियावैज्ञानिक अभ्यासाचा इतिहास व जुन्नर–आंबेगाव परिसर

मानवी शरीरक्रियाविज्ञान व जीवरसायनशास्त्र यांच्या विद्यापीठीय अध्ययनात सर्पविषाला विशेष स्थान आहे. तंत्रिकेतील संदेश स्नायूपर्यंत कसा पोहोचतो आणि रक्त कसे साखळते, या दोन मूलभूत प्रश्नांचा उलगडा करताना शास्त्रज्ञांना सर्पविषाचा साधन म्हणून मोठा उपयोग झाला. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत हेच ज्ञान शेतात राबणाऱ्या माणसांच्या जीवनमरणाशी निगडित आहे. प्रयोगशाळेतील हे ज्ञान दंश झालेल्या माणसापर्यंत वेळेत पोहोचविणे, हा या इतिहासातील सर्वांत उशिरा हाती घेतला गेलेला भाग होय.

प्रदेश : दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या डोंगररांगांत असून तेथे भरपूर पाऊस पडतो. भातशेती व हिरड्यासारखे वनोत्पादन गोळा करणे यांवर तेथील महादेव कोळी व इतर जमातींचा निर्वाह चालतो. पूर्व भाग मैदानी असून कुकडी प्रकल्पातील माणिकडोह, वडज, येडगाव, डिंभे इ. धरणांमुळे तो बागायती बनला आहे. ऊस, द्राक्षे, टोमॅटो व कांदा ही तेथील प्रमुख पिके होत. धान्य व ऊस यांच्या आश्रयाने उंदीर वाढतात आणि उंदरांच्या मागावर साप शेतात व घरात येतात. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या वैद्यकीय दृष्ट्या महत्त्वाच्या चार विषारी सर्पांपासूनचा धोका पावसाळ्यात वाढतो. अनवाणी काम करणारे, रात्री शेताला पाणी देणारे व जमिनीवर झोपणारे लोक दंशाला अधिक बळी पडतात.

प्रारंभीचे संशोधन : सर्पविष हे प्रथिनयुक्त असल्याचे ल्यूसियँ बोनापार्त यांनी १८४३ मध्ये दाखविले. त्यानंतर क्लोद बेर्नार (१८१३–७८) या फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिकांनी क्युरारे या वनस्पतिज विषावर प्रयोग केले. हे विष तंत्रिका व स्नायू जेथे एकत्र येतात तेथे आपला प्रभाव पाडते, असे त्यांतून दिसून आले. सर जोसेफ फेरर (१८२४–१९०७) यांनी भारतात सर्पविषांवर विस्तृत प्रयोग केले व त्यांवरील ग्रंथ १८७२ मध्ये प्रसिद्ध केला. लॉडर ब्रंटन यांच्यासमवेत त्यांनी नागविषाच्या क्रियेचे क्युरारेशी असलेले साम्य नोंदविले. कृत्रिम श्वसन चालू ठेवल्यास विषबाधा झालेल्या प्राण्याचे हृदय बराच वेळ चालू राहते, हेही त्यांना आढळले. नागदंशात मृत्यू मुख्यतः श्वसनाचे स्नायू लुळे पडल्याने होतो, हा यातून निघणारा निष्कर्ष आजही उपचाराचा पाया आहे.

आल्बेअर काल्मेत (१८६३–१९३३) यांनी नागविषावरील प्रतिविष रक्तरस १८९४ च्या सुमारास तयार केला. हा रक्तरस सर्वच सर्पविषांवर उपयोगी पडेल, अशी त्यांची धारणा होती. मुंबईतील परळ येथे १८९९ मध्ये स्थलांतरित झालेल्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेत जॉर्ज लँब यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी केलेल्या कामातून ही समजूत खोटी ठरली. नागाच्या विषावरील रक्तरस घोणशीच्या विषावर निष्प्रभ ठरतो, कारण दोन्ही विषांतील प्रथिने भिन्न असतात. याच प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन संस्था हे नाव मिळाले. चारही सर्पांच्या विषांवर चालणारा एकत्रित रक्तरस पुढे तेथे तयार होऊ लागला. त्यासाठी घोड्यांना विषाच्या वाढत्या मात्रा टोचून त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे वेगळी काढतात.

अध्ययनाची वाटचाल : मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात १८४५ पासून पाश्चात्त्य वैद्यकाचे शिक्षण सुरू झाले. पुण्यात बै. जी. वैद्यकीय महाविद्यालय १९४६ मध्ये व पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले. जीवरसायनशास्त्र हे दीर्घकाळ शरीरक्रियाविज्ञानाचेच अंग म्हणून शिकविले जात असे. एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमाच्या १९९७ च्या नियमांनुसार पहिल्या टप्प्यात शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाविज्ञान व जीवरसायनशास्त्र असे तीन विषय ठेवण्यात आले. ॲसिटिलकोलीन हे द्रव्य तंत्रिकेचा संदेश स्नायूस पोहोचविते, हे सर हेन्री डेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३६ मध्ये सिद्ध केले. तैवानमधील चांग व ली यांनी १९६३ मध्ये तेथील मण्यारीच्या विषातून बंगॅरोटॉक्सिने वेगळी केली. त्यांपैकी आल्फा प्रकारामुळे ॲसिटिलकोलिनाचे ग्राही रेणू ओळखणे व अलग करणे शक्य झाले. मारक द्रव्यच अशा प्रकारे संशोधनाचे साधन ठरले.

विषाची क्रिया : नागविषातील प्रथिने स्नायूवरील ग्राही रेणूंना चिकटून संदेश अडवितात. मण्यारीचे विष तंत्रिकेच्या टोकालाच इजा करते. ही इजा एकदा झाली की प्रतिविषाने ती भरून निघत नाही. टोके नव्याने वाढेपर्यंत रुग्णाला श्वसनयंत्रावर ठेवावे लागते. मण्यारीचा दंश बहुधा रात्री होतो व तो फारसा दुखत नाही. पोटदुखी, घशात अडखळणे आणि पापण्या जड होणे ही लक्षणे काही तासांनी दिसतात, त्यामुळे दंशाची शंकाही अनेकदा येत नाही. घोणशीच्या विषातील एंझाइमे रक्तक्लथनाचे दहावे व पाचवे घटक उद्दीपित करतात. ते घटक संपल्यावर रक्त साखळेनासे होते व मूत्रपिंडांनाही इजा होते. स्वच्छ काचनळीत घेतलेले रक्त वीस मिनिटांत साखळते की नाही, या साध्या परीक्षेने हा बिघाड ओळखता येतो. तिला खर्चिक साधनांची गरज नसल्याने ती ग्रामीण रुग्णालयात विशेष उपयुक्त आहे.

उपचारांचा प्रसार : पुण्यातील मोठी रुग्णालये नारायणगावापासून सु. ७५ किमी. अंतरावर आहेत, डोंगरातील वाड्या त्याहूनही दूर आहेत. भगताकडे जाण्यात, जखम कापण्यात किंवा घट्ट आवळपट्टी बांधण्यात गेलेला वेळ प्राणघातक ठरतो. नारायणगाव येथील डॉ. सदानंद राऊत व डॉ. पल्लवी राऊत या वैद्यक दांपत्याने सु. तीन दशके सर्पदंशाच्या रुग्णांवर उपचार केले असून गावे व शाळा यांतून लोकशिक्षणही केले आहे. प्रतिविष लवकर देणे व श्वसन टिकवून धरणे ही उपचाराची दोन सूत्रे त्यामुळे तालुक्याच्या पातळीवरच अमलात येऊ शकली.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सु. १२ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी बहुतेक मृत्यू ग्रामीण भागात, घरीच झालेले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याची राष्ट्रीय योजना भारत सरकारने २०२४ मध्ये जाहीर केली. विषाची घटना प्रदेशाप्रमाणे बदलत असल्याने स्थानिक सर्पांच्या विषांचा अभ्यास आवश्यक ठरतो. लँब यांनी परळला दाखवून दिलेली विषांची भिन्नता हा प्रश्न अशा रीतीने नव्या स्वरूपात कायम आहे, आणि त्याच्या उत्तरावर जुन्नर–आंबेगावसारख्या भागांतील उपचारांचे यश बऱ्याच अंशी अवलंबून राहील.