चोवीस फ्रेमची कुळकथा

मुंबई दूरदर्शनच्या पहिल्या पंधरा-वीस वर्षांत शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट लागायचा आणि आठवड्यात कधी 'गजरा', कधी स्टुडिओत बसवलेलं एखादं नाटक. संच तोच, गच्चीवरची अँटेना तीच. तरी मधेच खोलीत शिरलेल्या माणसाला एका नजरेत कळायचं की समोर सिनेमा चालू आहे की 'कार्यक्रम'. कुणी तसं शिकवलेलं नव्हतं. नटांकडे बघून म्हणावं, तर कित्येकदा नटही तेच असायचे. फरक होता तो हालचालीत. चित्रपटातला माणूस हात उचलायचा तेव्हा त्या हाताला किंचित ओढ असायची. स्टुडिओतला हात मात्र अगदी गुळगुळीत, समोर बसल्यासारखा हलायचा.

पुढे डिजिटल कॅमकॉर्डर हाती आले आणि आपल्या चित्रणाला सिनेमाचं रूप यावं म्हणून जगभरची तरुण मंडळी झटू लागली. ती सगळी या हाताच्या हालचालीच्याच मागे होती, फक्त हे लक्षात यायला पुष्कळांना वेळ लागला.

मूकपटाच्या काळात वेग ठरलेला नव्हता. कॅमेरामन हाताने दांडा फिरवायचा, सेकंदाला सोळाच्या आसपास चित्रं घ्यायचा. थिएटरवाले त्याहून जोरात चालवायचे, कारण खेळ लवकर संपला की पुढचा खेळ लावता येतो. माणसं थोडी भराभर चालली तरी कुणाची तक्रार नसायची. पण आवाज आला आणि ही मोकळीक संपली. वेग जरा बदलला की गाणं बेसूर होतं, हे कानाला ताबडतोब कळतं. अमेरिकेत १९२६ साली व्हायटाफोनची बोलपट-यंत्रणा आली तेव्हा अभियंत्यांनी मिनिटाला ९० फूट फिल्म हा वेग कायम केला. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चित्रं बसतात, म्हणजे सेकंदाला २४. चांगल्या थिएटरांत तेव्हा साधारण याच वेगाने खेळ होत असत, तोच त्यांनी पक्का केला. डोळ्याला काय सुंदर दिसतं याचा अभ्यास त्यामागे नव्हता. फिल्म महाग होती आणि आवाज नीट यायला हवा होता. या दोन गरजांमधला हा व्यवहारी तोडगा पुढे शंभर वर्षं सिनेमाची चाल ठरला.

टेलिव्हिजनचं घराणं वेगळं. त्याचा जन्म विजेच्या तारेशी बांधलेला. अमेरिकेत वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, म्हणून तिथे ६० फील्ड. युरोपात आणि आपल्याकडे ५०. फील्ड म्हणजे अर्धं चित्र: एका वेळी एक, तीन, पाच अशा ओळी, लगेच पुढच्या वेळी दोन, चार, सहा. ही दोन अर्धी एकाच क्षणाची नसतात. पहिलं टिपून झाल्यावर एक पन्नासांश सेकंदाने दुसरं टिपलं जातं. म्हणून व्हिडिओ कॅमेरा सेकंदाला ५० वेगवेगळे क्षण पकडतो. चित्रपट टीव्हीवर दाखवताना तो २४ ऐवजी २५च्या वेगाने चालवत आणि प्रत्येक चित्राची दोन फील्ड करत. क्षण मात्र २५च राहत. शनिवारचा चित्रपट आणि 'गजरा' यांच्यातला फरक एवढाच, पण डोळा तो कधी चुकवत नाही.

१९९५ साली सोनीचा व्हीएक्स-१००० आला. तीन सीसीडी, मिनीडीव्हीची छोटी कॅसेट, फायरवायरची तार लावून चित्रण थेट संगणकात. पूर्वी ज्या कामाला एडिटिंगचा आख्खा सेट भाड्याने घ्यावा लागे ते घरच्या टेबलावर होऊ लागलं. चित्र स्वच्छ होतं, रंग चांगले होते. तरी ते लग्नाच्या कॅसेटसारखंच दिसायचं. हौशी मंडळींनी एकेक कारण शोधायला घेतलं. खिडकीतलं आभाळ एकदम पांढरंफटक व्हायचं, तिथे फिल्मवर हळूहळू उजळत जाणारी छटा असते. कॅमेरा आपणहून प्रत्येक कडेला बारीक रेघ ओढून चित्र 'शार्प' करायचा. एक तृतीयांश इंची सेन्सरवर पुढची व्यक्ती आणि मागची भिंत दोन्ही सारख्याच ठळक यायच्या. आणि या सगळ्याच्या मुळाशी ते ५० किंवा ६० क्षण.

काही जणांनी व्हिडिओचा खरखरीतपणा लपवलाच नाही. डेन्मार्कच्या थॉमस विंटरबर्गने १९९८ मध्ये 'फेस्टेन' हाती धरायच्या छोट्या सोनी हँडीकॅमवर केला. छायालेखक होता अँथनी डॉड मँटल. हाच पुढे डॅनी बॉयलच्या '२८ डेज लेटर'साठी कॅनन एक्सएल-१एस घेऊन पहाटेच्या लंडनमध्ये उतरला. वेस्टमिन्स्टरचा पूल थोडा वेळच रिकामा मिळणार होता. फिल्मचे जड कॅमेरे मांडण्यात ती वेळ गेली असती. कॅमकॉर्डर चटकन उभे राहिले आणि एकाच वेळी अनेक कोनांतून चित्रण झालं. युरोपातल्यांना आणखी एक सोय जन्मजात होती. त्यांच्या २५ फ्रेम चित्रपटाच्या २४पासून हाकेच्या अंतरावर होत्या. सेकंदाला एक फ्रेम कमी वेगाने चालवलं की काम झालं, आवाज चार टक्के संथ करून घ्यायचा. कित्येक अमेरिकन फिल्मकार यासाठी मुद्दाम युरोपीय पद्धतीचे पाल कॅमेरे विकत घेत. त्यात ओळीही जास्त, ४८०च्या जागी ५७६.

सोनीने एव्हाना २४ फ्रेम घेणारा एचडीडब्ल्यू-एफ९०० काढलेला होता. जॉर्ज लुकसने २००२चा 'स्टार वॉर्स' त्यावर चित्रित केला. पण तो स्टुडिओचा कॅमेरा, सामान्य माणसाने लांबूनच बघायचा. त्याच वर्षी पॅनासॉनिकने चार हजार डॉलरांच्या आत एजी-डीव्हीएक्स१०० बाजारात आणला. मला विचाराल तर या घराण्याचा मूळपुरुष तोच. एका हाताने उचलता येणाऱ्या, साध्या मिनीडीव्ही कॅसेटवर चालणाऱ्या यंत्रात पहिल्यांदा सिनेमाची चाल आली.

त्याच्या अभियंत्यांनी सोडवलेलं कोडं जवळून बघण्यासारखं आहे. टेपवर सेकंदाला ६० फील्डच लिहिता येत होती, तो नियम मोडता येणार नव्हता. आत २४ अखंड चित्रं बसवायची होती. टीव्हीवाल्यांची जुनी रीत अशी: पहिल्या चित्राची दोन फील्ड, दुसऱ्याची तीन, मग पुन्हा दोन, पुन्हा तीन. चार चित्रांची दहा फील्ड, म्हणजे पाच फ्रेम. हिशेब जमतो, पण त्या पाचांतल्या दोन फ्रेम भेसळीच्या होतात, अर्धं चित्र आधीचं, अर्धं पुढचं. एडिटिंगच्या वेळी ही भेसळ उलगडायची तर चित्र पुन्हा बांधावं लागतं. डीव्हीएक्सने दुसरी एक मांडणी दिली: दोन, तीन, तीन, दोन. कागदावर ओढून पाहा. भेसळ फक्त मधल्या, तिसऱ्या फ्रेममध्ये साठते. संगणकाने तेवढी उचलून टाकली की उरलेली चार चित्रं जशी घेतली तशी शाबूत हाती येतात. नुसता क्रम बदलला आणि वाट मोकळी झाली. मला हे या सगळ्या कहाणीतलं सर्वांत देखणं काम वाटतं.

सोबत उजेड-अंधाराच्या चढणीची 'सिने-लाइक' रचना होती, कडा ठळक करणारा 'डिटेल' खाली उतरवायची सोय होती. जाणकार पहिल्या दिवशी तेच करायचे, कारण लेन्सने न पाहिलेली रेघ चित्रात नको. २००४ मध्ये या कॅमेऱ्यावर केलेल्या 'नोव्हेंबर'साठी नॅन्सी श्रायबरला सनडान्सचा छायालेखनाचा पुरस्कार मिळाला. जेम्स लाँगलीने तोच कॅमेरा घेऊन इराकमध्ये 'इराक इन फ्रॅगमेंट्स' केला आणि २००६ मध्ये सनडान्सला दिग्दर्शन, छायालेखन, संकलन असे तीन पुरस्कार घेतले. एकटा माणूस खांद्याला अडकवून हिंडू शकेल अशा यंत्राने हे करून दाखवलं.

चोवीस मिळाले तरी शटर चुकलं तर सगळं वाया. फिल्म कॅमेऱ्यात अर्ध्या चकतीचं शटर फिरतं. फिल्म पुढे सरकते तेवढा वेळ उजेड अडवायचा असतो, म्हणून प्रत्येक फ्रेमला निम्माच वेळ मिळतो, एक अठ्ठेचाळीसांश सेकंद. हाताची ती ओढ या वेळेतूनच येते. उन्हात कॅमेरा आपोआप हजारांश सेकंदावर जातो आणि माणसं झटके देत चालतात. त्यावर इलाज शटर जागेवर ठेवून लेन्सवर काळी काच, म्हणजे एनडी फिल्टर, चढवण्याचा. आपल्याकडे २५ फ्रेमला एक पन्नासांश धरायचं, आणि त्यात विजेचाही मेळ बसतो. आपले ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा लुकलुकतात, एक पन्नासांशात बरोबर दोन लुकलुकाट पुरे मावतात. अमेरिकेहून नातेवाइकांनी आणलेल्या कॅमकॉर्डरने मंगल कार्यालयात चित्रण केलं की भिंती धडधडत असल्यासारख्या का दिसायच्या, त्याचं उत्तर यातच आहे. तो कॅमेरा एक साठांशावर चालायचा आणि लुकलुकाटाचा दरवेळी वेगळाच तुकडा त्याच्या हाती लागायचा.

याच सुमाराला मालेगावात शेख नासिर 'मालेगाव के शोले' करून बसला होता. त्याच्याकडे चोवीस फ्रेम नव्हत्या, त्याची त्याला फिकीरही नव्हती. व्हिडिओ पार्लरमध्ये शेकडो चित्रपट पाहून त्याने सिनेमाचं दुसरं अंग पकडलं होतं: कॅमेरा सरकला पाहिजे, वर गेला पाहिजे. ट्रॉली नाही तर सायकल, क्रेन नाही तर बैलगाडी. त्याची चित्रं व्हिडिओचीच दिसतात, पण शॉट सिनेमाचे आहेत. ज्यांच्याकडे डीव्हीएक्स होता त्यातल्या अनेकांना हे साधलं नाही.

मग सगळे धूसर पार्श्वभूमीच्या मागे लागले. कॅमकॉर्डरच्या पुढे नळकांडं बसवायचं, त्याच्या तोंडाला फोटोच्या कॅमेऱ्याची लेन्स, मधे दुधी काच. लेन्स काचेवर चित्र पाडणार, कॅमकॉर्डर त्या काचेचं चित्रण करणार. काचेचे कण दिसू नयेत म्हणून ती फिरती किंवा थरथरती ठेवायची. जर्मनीच्या पी प्लस एस टेक्निकचा मिनी-३५ श्रीमंतांसाठी होता. बाकीच्यांनी सीडी घासून दुधी केली आणि छोट्या मोटरवर फिरवली. चित्र उलटं यायचं, उजेड पुष्कळ खाल्ला जायचा, तरी लोक जिद्दीने करत राहिले. २००८ मध्ये कॅननचा ५डी मार्क टू आला, ३६ मिलिमीटर रुंद सेन्सर घेऊन, आणि ही नळकांडी अडगळीत गेली. गंमत अशी की तो आधी ३० फ्रेमच घ्यायचा. २४ आणि २५ मिळाले मार्च २०१०च्या फर्मवेअरमध्ये, वापरणाऱ्यांनी पुष्कळ आरडाओरडा केल्यावर.

ही धूसरता म्हणजेच सिनेमा, हे मला कधी पटलं नाही. ग्रेग टोलंडने १९४१च्या 'सिटिझन केन'मध्ये पुढच्या माणसापासून मागच्या खिडकीपर्यंत सगळं स्वच्छ ठेवलं, आणि त्याला कुणी व्हिडिओ म्हणत नाही. पार्श्वभूमी पुसता येते म्हणून ती रचायचीच नाही, हा आळस त्या कॅमेऱ्यांनी पुष्कळांना लावला. चालीचं मात्र तसं नाही. पीटर जॅक्सनने २०१२ मध्ये 'द हॉबिट' ४८ फ्रेमने दाखवला, कोट्यवधींचा खर्च, उत्तमोत्तम कॅमेरे, तरी बरेच प्रेक्षक म्हणाले की टीव्ही मालिका बघितल्यासारखं वाटतं. मूळ तोडगा व्यवहाराचा असेल, पण तीन-चार पिढ्यांच्या डोळ्यांनी तो आपला मानला आहे.

आणि आता तो घरातल्या टीव्हीवरच धोक्यात आहे. नवे संच दोन फ्रेमच्या मधे स्वतःची बनवलेली फ्रेम घुसवून चाल गुळगुळीत करतात. २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि क्रिस्टोफर मॅक्वारी यांनी व्हिडिओ काढून प्रेक्षकांना हे बंद करण्याची विनंती केली, पुढच्या वर्षी कंपन्यांनी मिळून 'फिल्ममेकर मोड' जाहीर केला. जुन्या संचांत तो नसतो. तिथे पिक्चर सेटिंगमध्ये जा. सोनीत 'मोशनफ्लो', सॅमसंगमध्ये 'ऑटो मोशन प्लस', एलजीत 'ट्रूमोशन' असं नाव दिसेल. ते बंद करा आणि मग जुना चित्रपट लावा.