ताप उतरल्यानंतर

'आजारातून उठणे' असा एक अर्थपूर्ण वाक्प्रयोग मराठीत आहे. अंथरूण सोडणे आणि बरे होणे या दोन्ही गोष्टी त्याने एकच मानल्या आहेत. पडसे, गोवर, साधा हिवताप अशा दुखण्यांत ते बहुधा खरेही ठरते. परंतु एक आजार असा आहे, की ज्यात माणूस अंथरुणातून उठतो आणि आजारातून मात्र उठत नाही. ताप गेलेला असतो, घसा मोकळा झालेला असतो, मानेतल्या गाठी ओसरलेल्या असतात. आणि तरीही वीस वर्षांचा धडधाकट विद्यार्थी जिन्याच्या दहा पायऱ्या चढून कठडा धरून उभा राहतो. पुस्तकाचे एक पान तो दोनदा वाचतो आणि तिसऱ्यांदा मिटून ठेवतो. काल जरा बरे वाटले म्हणून मित्रांबरोबर हिंडून आलेला हा मुलगा आज दुपारपर्यंत डोके वर काढू शकत नाही. इंग्लंडात या आजाराला 'ग्लँड्युलर फीवर' म्हणतात, अमेरिकेतील विद्यार्थी त्याला नुसते 'मोनो' म्हणतात. मराठीत त्याचे सरळ भाषांतर 'ग्रंथिज्वर' असे होईल. पण १८९६-९७ साली मुंबई-पुण्यात आलेल्या प्लेगला 'ग्रंथिक सन्निपात' हेच नाव रूढ झाले होते, तेव्हा या दोन आजारांचा परस्परांशी काहीही संबंध नाही, हे आधीच सांगितलेले बरे. प्लेगाने माणसे मरत. ग्रंथिज्वराने मनुष्य क्वचितच दगावतो. तो तरुणपणातील काही महिने मात्र नेतो.

या आजाराचा शोध कसा लागला, हा इतिहास मोठा रंजक आहे. १८८५ साली रशियातील बालरोगतज्ज्ञ निल फिलातोव्ह यांनी, आणि १८८९ साली जर्मनीतील एमिल फायफर यांनी, ताप व मानेतील गाठी असलेल्या मुलांचे वर्णन केले. फायफर हे वीसबाडेन या उन्हाळ्यांच्या गावचे वैद्य होते. युरोपातील श्रीमंत लोक विश्रांतीसाठी आणि स्नानासाठी जेथे येत, त्याच गावी या आजाराला नाव मिळाले, हा योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे. पुढे १९२० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील स्प्रंट आणि एव्हन्स यांनी सहा तरुण रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी पाहता हा रक्ताचा कर्करोग असावा अशी धास्ती वाटावी. पण हे रुग्ण आपोआप बरे झाले. १९३२ मध्ये पॉल आणि बनेल यांना या रुग्णांच्या रक्तद्रवाने मेंढीच्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या होतात असे आढळले, आणि निदानाची पहिली भरवशाची चाचणी वैद्यकाच्या हाती आली.

रोगकारक विषाणू सापडला तो मात्र अगदी दुसऱ्याच वाटेने. युगांडात काम करणारे आयरिश शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांनी आफ्रिकन मुलांच्या जबड्यात होणाऱ्या एका गाठीचे वर्णन केले होते. १९६१ साली लंडनमध्ये झालेले त्यांचे व्याख्यान अँथनी एप्स्टाइन यांनी ऐकले, आणि कंपालाहून विमानाने येणाऱ्या गाठींच्या तुकड्यांत ते विषाणू शोधू लागले. १९६४ मध्ये एप्स्टाइन, अकाँग आणि ईव्हॉन बार यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या नव्या विषाणूची वार्ता प्रसिद्ध केली. त्याचा ग्रंथिज्वराशी संबंध असेल, असे तेव्हा कोणाच्या मनातही नव्हते. तो संबंध जुळवला फिलाडेल्फियातील एका प्रयोगशाळेने. वेर्नर आणि गेरट्रूड हेनले हे दांपत्य तेथे या विषाणूचा अभ्यास करीत होते. त्यांच्या हाताखालील एका तरुण साहाय्यिकेच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये नव्हती, म्हणून तिचे रक्त तुलनेसाठी वापरले जाई. १९६७ मध्ये ती आजारी पडली. कामावर परतली तेव्हा तेच रक्त प्रतिद्रव्यांनी भरलेले होते, आणि तिचा आजार होता ग्रंथिज्वर! येल विद्यापीठात विद्यार्थ्यांचे आजारापूर्वीचे रक्तद्रव जपून ठेवलेले होते. त्यांच्या तपासणीने १९६८ साली या अनुमानावर शिक्कामोर्तब झाले.

येथवरचा इतिहास वैद्यकाच्या यशाचा आहे आणि तो सर्वत्र सांगितला जातो. रोग्याचा इतिहास त्याहून वेगळा आहे. विषाणू सापडला म्हणून ग्रंथिज्वराच्या रोग्याला त्या दिवशी लवकर अंथरूण सोडता आले, असे घडले नाही. विषाणूवर खात्रीचे औषध आजही नाही. घशाचा दाह जंतूंमुळे झाला असेल असे समजून अँपिसिलिन दिले, तर अनेक रोग्यांच्या अंगभर पुरळ उठते, हे १९६०च्या दशकात ध्यानी आले. प्लीहा वाढलेली असल्यामुळे निदान तीन-चार आठवडे कुस्ती, फुटबॉल, जड ओझे उचलणे वर्ज्य, हा एक नियम पक्का ठरला. बाकी सारे काळावर सोपवलेले होते. पण हा काळ कसा घालवायचा, याचे उत्तर वैद्यक दर पिढीला नवे देत गेले, आणि प्रत्येक उत्तराची किंमत तरुण रोग्यालाच मोजावी लागली.

जुने उत्तर सक्तीच्या विश्रांतीचे होते. रोग्याने आठवडेच्या आठवडे पडून राहावे, अशी पद्धत होती. १९६४ मध्ये अमेरिकेतील विद्यार्थ्यांच्या पाहणीवरून डॅलरिंपल यांनी दाखवले, की ज्यांना स्वतःच्या शक्तीप्रमाणे उठू-फिरू दिले ते सक्तीने झोपवलेल्यांपेक्षा लवकर सावरले. निष्कर्ष शहाणपणाचा होता. परंतु 'शक्तीप्रमाणे' हा त्यातला शब्द हळूहळू गळून पडला आणि 'उठा, हिंडा-फिरा, म्हणजे बरे वाटेल' एवढाच उपदेश शिल्लक राहिला.

ह्याच सुमारास एक दुसरी विचारसरणी मूळ धरू लागली होती. १९५९ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी ग्रंथिज्वर झालेल्या विद्यार्थ्यांची मानसशास्त्रीय चाचणी घेतली. लवकर बरे झालेल्यांचे मनोबल उशिरा बरे झालेल्यांपेक्षा अधिक भरले, असे त्यांना दिसले. १९७९ मध्ये वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयातील सुमारे १४०० छात्रांचा चार वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. विषाणूची बाधा झालेल्यांपैकी सुमारे एक-चतुर्थांश छात्रच प्रत्यक्ष आजारी पडले होते. आणि ज्यांची महत्त्वाकांक्षा मोठी पण अभ्यासातील गती बेताची, शिवाय वडील फार कर्तबगार, अशा छात्रांत आजाराचे प्रमाण जास्त होते. मनावरचा ताण देहाच्या प्रतिकारशक्तीला बाधतो, एवढाच याचा अर्थ. तो मान्य करायला कोणाची हरकत नसावी. पण शास्त्रज्ञाच्या लेखातून निघालेला विचार घरातल्या ओसरीपर्यंत येईतो त्याचे रूप पालटते. 'मन खंबीर असते तर केव्हाच बरा झाला असता' असे वाक्य त्यातून तयार होते, आणि जो मुलगा आधीच परीक्षा हुकल्याने खचलेला आहे, त्याला ते ऐकावे लागते.

त्यात आणखी एका नावाची भर पडली. १९५५ साली वेस्ट पॉइंटच्याच होगलंड या वैद्याने हा आजार लाळेतून, मुख्यतः चुंबनातून पसरतो असे प्रतिपादन केले, आणि वृत्तपत्रांनी त्याला 'चुंबनरोग' हे नाव देऊन टाकले. बाधा होऊन आजार दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, उष्ट्या पेल्यातूनही विषाणू जाऊ शकतो, ह्या गोष्टी त्या नावापुढे फिक्या पडल्या. आजारी मुलीला दुखण्याबरोबर कुजबुजही सोसावी लागे. १९८०च्या दशकात दीर्घकाळ थकवा राहणाऱ्या तरुण रोग्यांची संख्या नजरेत भरू लागली, तेव्हा अमेरिकन नियतकालिकांनी 'यप्पी फ्लू' अशी थट्टा केली. सुखवस्तू तरुणांचे हे एक नवे चोचले आहे, असा त्याचा भाव. १९८८ मध्ये वैद्यकाने 'दीर्घकालीन थकव्याचा विकार' असे नाव ठरवले तेव्हा कुठे ह्या थट्टेला थोडा आळा बसला.

खरा निवाडा ऑस्ट्रेलियातील डबो नावाच्या एका ग्रामीण नगराने दिला असे म्हणावे लागेल. तेथे ग्रंथिज्वर, क्यू ज्वर आणि रॉस नदीचा ज्वर अशा तीन निरनिराळ्या संसर्गांनी आजारी पडलेल्या २५३ माणसांवर आजाराच्या आरंभापासून लक्ष ठेवले गेले. २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर सुमारे १२ टक्के लोक अद्याप थकव्याच्या विकाराने ग्रस्त होते, आणि तिन्ही आजारांत हे प्रमाण सारखेच होते. कोण रेंगाळणार हे रोग्याच्या स्वभावावरून सांगता येत नव्हते, त्याच्या पूर्वीच्या मानसिक स्थितीवरूनही नाही. ते ठरत होते आरंभीचा आजार किती तीव्र होता त्यावरून. ज्याला पहिल्या पंधरवड्यात आजाराने जोराचा तडाखा दिला, तोच पुढे दीर्घकाळ थकलेला राहिला. ज्या कित्येक तरुणांना पन्नास वर्षे आपल्या दुबळ्या मनाबद्दल ऐकावे लागले होते, त्यांच्या बाजूने ही साक्ष फार उशिरा आली.

किती काळ, या प्रश्नालाही आता बऱ्यापैकी उत्तर आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या शिकागो परिसरातील पाहणीत ३०१ किशोरवयीन रोगी होते. त्यांपैकी १३ टक्के सहा महिन्यांनी, ७ टक्के वर्षाने आणि ४ टक्के दोन वर्षांनी अद्याप आजाराच्या थकव्यातून बाहेर आलेले नव्हते. म्हणजे बहुसंख्य मुले सहा महिन्यांच्या आत बरी झाली, आणि राहिलेल्यांपैकीही बरीच पुढे सावरली.

मग या मधल्या काळात वागावे कसे? येथे चरकसंहितेची आठवण होते. चिकित्सास्थानातील ज्वराच्या अध्यायात ज्वर गेल्यानंतरच्या मनुष्यासाठी स्वतंत्र पथ्य सांगितले आहे: पूर्ववत बल येईपर्यंत त्याने व्यायाम, स्नान, फार हिंडणे-फिरणे अशा गोष्टी टाळाव्यात, नाहीतर गेलेला ज्वर पुन्हा उलटतो. चरकापुढे हा विशिष्ट रोग अर्थातच नव्हता. परंतु ज्वरमुक्त होणे आणि बलवान होणे या दोन निरनिराळ्या अवस्था आहेत, आणि त्यांमधल्या अवस्थेलाही वैद्याची गरज असते, ही दृष्टी त्या ग्रंथात आहे. आधुनिक वैद्यक फिरून जवळपास तेथेच आले आहे. थकव्याच्या विकारात दर आठवड्याला ठरावीक मापाने व्यायाम वाढवीत नेण्याची जी पद्धत इंग्लंडात रूढ होती, ती २०२१ सालच्या तेथील अधिकृत मार्गदर्शनातून काढून टाकण्यात आली. आता सांगतात ते असे: अंगातील शक्ती ही महिन्याच्या शिधेसारखी मोजून वापरावी, चांगल्या दिवशी सारी उधळू नये आणि वाईट दिवशी अगदी आडवेही होऊ नये. ऐकायला हे सोपे आहे. विसाव्या वर्षी चांगला दिवस हाती आल्यावर त्यातला अर्धा राखून ठेवणे किती अवघड असते, हे ज्याचे त्यालाच ठाऊक!

लंडनमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेला एक छोटा प्रयोग येथे सांगण्यासारखा आहे. ग्रंथिज्वराच्या ६९ रोग्यांपैकी काहींना नुसते माहितीपत्रक दिले, तर काहींना आजाराच्या आरंभीच थोडा वेळ बसवून पुढे काय होईल, थकवा कसा रेंगाळतो, हालचाल कशी बेताबेताने वाढवावी, हे समजावून सांगितले. सहा महिन्यांनी दुसऱ्या गटात थकलेले रोगी बरेच कमी निघाले. प्रयोग लहान आहे, त्यावर फार मोठी इमारत उभारता येणार नाही. पण औषध नसलेल्या आजारात वैद्याच्या चार शब्दांना काही किंमत असते, एवढे त्यावरून दिसते.

भारतात या आजाराचे नाव फारसे कानी का पडत नाही, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येईल. विषाणू येथे दुर्मिळ आहे म्हणून नव्हे. जगातील दहांपैकी नऊहून अधिक प्रौढांना त्याची बाधा केव्हा ना केव्हा होऊन गेलेली असते. भरल्या घरात, एका ताटात जेवणाऱ्या, एका पेल्याने पाणी पिणाऱ्या मुलांना ती पहिल्या काही वर्षांतच होते, आणि त्या वयात ती बहुधा कळतही नाही. जेथे मुले वेगळ्या खोलीत, स्वच्छ आणि सुटसुटीत घरात वाढतात, तेथे ही भेट लांबते आणि नेमकी महाविद्यालयाच्या वयात होते. आपल्याकडेही शहरांतील घरे लहान आणि पेले निरनिराळे होत चालले आहेत. वसतिगृहातील मुलाचा घसा महिनाभर दुखतो आहे आणि नंतर तो आळशी झाला आहे, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या पालकांना हा आजार ठाऊक असलेला बरा.

टेनिसच्या इतिहासात या आजाराची दोन उदाहरणे शेजारी-शेजारी ठेवण्यासारखी आहेत. रॉजर फेडररला वयाच्या सव्विसाव्या वर्षी हा आजार झाल्याचे २००८ च्या मार्चमध्ये जाहीर झाले. त्या वर्षी विंबल्डनची अंतिम लढत तो हरला, ऑगस्टमध्ये त्याचे पहिले स्थान गेले, आणि सप्टेंबरमध्ये त्याने अमेरिकन स्पर्धा जिंकली. स्वीडनच्या रॉबिन सोडरलिंगचे वयही सव्विसच होते. २०११ च्या जुलैमध्ये बास्टाड येथे त्याने स्वदेशातील स्पर्धा जिंकली, अंतिम सामन्यात फेररला दोन सरळ सेटमध्ये हरवले, आणि त्याच सुमारास त्याला ग्रंथिज्वराने गाठले. पुनरागमनाच्या तारखा ठरत गेल्या आणि पुढे जात राहिल्या. फ्रेंच मैदानावर नदालला हरवणारा पहिला खेळाडू मनाने दुबळा होता, असे कोणी म्हणू धजणार नाही. दरम्यान त्याने टेनिसचे चेंडू तयार करण्याचा उद्योग काढला, आणि २०१४ मध्ये स्टॉकहोमच्या स्पर्धेचे संचालकपद सांभाळले. डिसेंबर २०१५ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. बास्टाडचा तो अंतिम सामना त्याच्या व्यावसायिक कारकिर्दीतील शेवटचा ठरला होता.