खासगी वर्तन आणि सार्वजनिक पद : सातारा-सांगलीच्या इतिहासातील दोन निवाडे

प्रस्तावना

राज्यकर्त्याच्या वैवाहिक निष्ठेचा त्याच्या पदाच्या पात्रतेशी संबंध असतो काय, हा प्रश्न केवळ आजचा नाही. सातारा-सांगली परिसराच्या इतिहासात त्याला दोन भिन्न काळांत दोन भिन्न उत्तरे मिळालेली दिसतात. प्रस्तुत लेखात त्यांचा परामर्श घेतला आहे.

सातारा दरबार, १७४०

बहुपत्नीत्व रूढ असल्यामुळे मस्तानीसंबंधीचा आक्षेप दुसऱ्या स्त्रीला नव्हता. तो तिच्या धर्माला आणि बाजीरावांनी सोडलेल्या ब्राह्मणी आचाराला होता. १७४० च्या प्रारंभी बाजीराव नासिरजंगाविरुद्धच्या मोहिमेत गुंतले असताना चिमाजीअप्पा व नानासाहेब यांनी मस्तानीस पुण्यात कैदेत ठेवले. हा विषय साताऱ्यास छत्रपती शाहू महाराजांच्या कानी गेला. हा प्रश्न बळाने सुटणारा नाही, बाजीरावांचे मन दुखवू नये, असा महाराजांचा अभिप्राय गोविंद खंडेराव चिटणीस यांनी नानासाहेबांस कळविला. पेशवेपद काढून घेण्याचा विचार महाराजांनी केला नाही. पुढे २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडी येथे बाजीराव निवर्तले आणि जूनमध्ये पेशवाईची वस्त्रे नानासाहेबांना मिळाली. उत्तराधिकारास रघूजी भोसल्यांचा विरोध होता. परंतु एका स्त्रीस कैदेत ठेवल्याचा मुद्दा त्यात आला नाही.

प्रतिसरकार, १९४३-४६

दोन शतकांनंतर याच भूमीत क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगलीचा मोठा भाग होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. कुंडल हे या चळवळीचे प्रमुख केंद्र होते. प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळांपुढे जमिनीचे व सावकारीचे तंटे येत, तसेच स्त्रियांवरील अत्याचाराची व कौटुंबिक अन्यायाची प्रकरणेही येत. घरातील अन्याय ही गावाने दखल घेण्याची बाब ठरली. मात्र तेथे पाहिले जाई ते दुर्बलावर झालेल्या जुलमाकडे.

निष्कर्ष

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात वैवाहिक प्रतारणा हे अपात्रतेचे कारण नाही. २७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्यभिचारासंबंधीचे भारतीय दंड संहितेचे कलम ४९७ घटनाबाह्य ठरविले. घटस्फोटाचे कारण म्हणून मात्र व्यभिचार कायम आहे. म्हणजेच प्रतारणेचा जाब विचारण्याचा अधिकार प्रथमतः जोडीदाराचा आहे. सार्वजनिक प्रश्न त्यापुढे सुरू होतो : ते संबंध जोडण्यासाठी, झाकण्यासाठी वा मोडण्यासाठी पदाची सत्ता, सरकारी पैसा किंवा पोलीस वापरले गेले काय? या कसोटीवर १७४० च्या प्रकरणात जाब विचारावयास हवा होता तो बाजीरावांच्या प्रेमाचा नव्हे, तर मस्तानीच्या बंदिवासाचा. सातारा दरबाराने पेशव्याचे खासगी जीवन पदापासून वेगळे ठेवले, हे योग्यच होते. परंतु सत्तेने कैद केलेल्या स्त्रीचा विचार पदाच्या पात्रतेत झाला नाही. प्रतिसरकारच्या न्यायदानाचे महत्त्व येथे लक्षात येते.